दुकानात जुळलेला ब्लाऊजपीस उन्हात वेगळा का दिसतो? डोळ्यातल्या शंकूंचा हिशेब

सुईदोरा

आमसुली रंगाची सिल्कची साडी आणि तिच्यावर सुती टू-बाय-टूचा ब्लाऊजपीस. मॅचिंग सेंटरच्या पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली दोन्ही एकमेकांवर टाकले तर साडी कुठे संपते नि पीस कुठे सुरू होतो ते कळत नाही. तोच जोड दाराबाहेर उन्हात नेला की पीस लाल मारतो, आणि घरच्या पिवळ्या बल्बखाली तर सरळ विटकरीकडे झुकतो. साडी मात्र तिन्हीकडे आमसुलीच. कापड तेच, डोळे तेच.

डोळ्याबद्दल शाळेत शिकवतात ते इतकंच की दंडाकार पेशी अंधुक उजेडासाठी, शंक्वाकार पेशी रंगासाठी, आणि शंकू तीन प्रकारचे: लाल, हिरवे, निळे. हे खरं असेल तर शंकूंना ट्यूबखालीच फरक कळायला हवा होता. मग तो तिथे कळत नाही आणि उन्हात कळतो, हे कसं? दुसरं म्हणजे, दुकानातच हे पकडायची काही खात्रीची रीत आहे का? आणि फोनवर साडीचा फोटो दाखवून मॅचिंग आणलं तर ते हमखास चुकतं, त्याचं कारणही हेच का?

गर्तिका

आधी ती ‘लाल-हिरवे-निळे शंकू’ ही नावं डोक्यातून काढा, निम्मा घोळ त्यांचाच आहे. तथाकथित लाल शंकू सर्वांत जास्त दाद देतो ५६० नॅनोमीटरच्या आसपास, आणि तेवढ्या तरंगलांबीचा प्रकाश एकटा पाहिला तर पोपटी-पिवळा दिसतो, लाल नव्हे. ‘हिरव्या’चं शिखर ५३० च्या जवळ आणि ‘निळ्या’चं ४२० च्या जवळ, म्हणजे तेही जांभळ्याकडेच. म्हणून अभ्यासक त्यांना लांब, मध्यम आणि आखूड तरंगलांबीचे शंकू म्हणतात. मीही खाली तसंच लिहितो. लांब आणि मध्यम यांच्या शिखरांत जेमतेम ३० नॅनोमीटरचं अंतर आहे आणि दोघांचे पट्टे एकमेकांवर भरपूर चढलेले आहेत.

आता मुख्य मुद्दा. एकट्या शंकूला रंग कळत नाही, कळूच शकत नाही. आत काय होतं ते पाहा. शंकूच्या टोकाला पडद्यांच्या घड्या असतात आणि त्यांत ऑप्सिन नावाचं प्रथिन बसलेलं असतं. ऑप्सिनच्या पोटात रेटिनाल हा अ-जीवनसत्त्वापासून बनलेला, मधेच वाकलेला रेणू असतो. फोटॉन शोषला की तो रेणू सरळ होतो. त्यामुळे ऑप्सिनचा आकार बदलतो, ते ट्रान्सड्यूसिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं, ते पुढे एका विकराला चालू करतं, आणि तो विकर पेशीतलं सायक्लिक जीएमपी (सीजीएमपी) हे निरोप्या रसायन तोडू लागतो. हे सीजीएमपीच पेशीची दारं उघडी धरून ठेवत होतं. ते कमी झालं की दारं मिटतात, सोडियम-कॅल्शियमची आवक थांबते आणि पेशीचा व्होल्टेज उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपासून उणे ७० कडे उतरतो. पुढच्या पेशीवर ग्लुटामेट या निरोप्या रसायनाचा जो मारा अंधारात चालू असतो, तो उजेडात कमी होतो. उजेड पडला की शंकू ओरडत नाही, गप्प बसतो. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण आहे ते असंच.

या साखळीत तरंगलांबीची नोंद कुठेच होत नाही. जत्रेतल्या तंबूच्या दारावर तिकीट फाडणारा माणूस आत किती जण आले ते मोजतो. कुठल्या गावचे ते विचारत नाही. जवळच्या गावांतले जास्त येतात, लांबचे कमी, पण आत शिरलेला प्रत्येक जण एकच मोजला जातो. तसंच इथे. ५६० चा फोटॉन लांब शंकूत शोषला जाण्याची शक्यता जास्त, ६५० च्याची बरीच कमी. पण एकदा शोषला गेला की दोघांचा परिणाम तंतोतंत सारखा. विल्यम रश्टन यांनी याला एकचलतेचं तत्त्व म्हटलं. म्हणून एका शंकूला ५६० चा मंद प्रकाश आणि ६५० चा झगझगीत प्रकाश यांतला फरक सांगता येत नाही.

रंग निघतो तो तीन प्रकारच्या शंकूंच्या मोजणीची तुलना करून. तुम्ही हे ज्या पडद्यावर वाचताय तिथलं पिवळं चिन्ह घ्या. पडद्यातून पिवळ्या तरंगलांबीचा वेगळा दिवा लावलेला नसतो. हिरवा आणि लाल ठिपका पेटतो, बस. हिशेब कळण्यापुरते अंदाजे आकडे देतो. ५८० नॅनोमीटरच्या शुद्ध पिवळ्या प्रकाशाने लांब शंकूत ९० आणि मध्यम शंकूत ६० फोटॉन पडले असं धरा, आखूडमध्ये जवळजवळ शून्य. आता पडद्याचा हिरवा ठिपका लांबमध्ये ५१ आणि मध्यममध्ये ५४ टाकतो, लाल ठिपका लांबमध्ये ३९ आणि मध्यममध्ये फक्त ६. बेरीज करा: ९० आणि ६०. मेंदूपर्यंत गेले ते हेच आकडे. मूळ प्रकाश एक होता की दोन, हे कळायला मागे काही उरतच नाही.

तुमच्या कापडाचंही हेच. दिव्याचा प्रकाश कापडावर पडतो, रंगद्रव्य त्यातला काही भाग गिळतं, उरलेला डोळ्यात येतो. ४०० ते ७०० नॅनोमीटरचा पट्टा दर १० नॅनोमीटरला मोजला तर ३१ आकडे होतात. डोळा त्या ३१ चे तीन करतो. इतकी काटछाट झाल्यावर दोन अगदी वेगळे ३१-३१ आकड्यांचे संच एकाच तिकडीवर येऊन पडणं साहजिक आहे. ट्यूबखाली तसं झालं. उन्हात गुणाकारातला दिव्याचा भाग बदलला, बेरजा बदलल्या, आणि फरक उघडा पडला. तेव्हा शंकूंनी ट्यूबखाली चूक केली असं म्हणू नका. आलेले फोटॉन त्यांनी बरोबर मोजले. मोजणी सारखी आली एवढंच.

रंगभट्टी

गर्तिका यांनी डोळ्याची बाजू सांगितली, मी हौदाची सांगतो. याला धंद्यात मेटामेरिझम म्हणतात आणि साडी-ब्लाऊजच्या जोडीत तो जवळपास ठरलेलाच असतो, कारण दोन्ही कापडांचा रंग एका डब्यातला असूच शकत नाही. सिल्क हे प्रथिन, ते बहुतेक ॲसिड किंवा मेटल कॉम्प्लेक्स रंगांत रंगवतात. सुती कापड रिॲक्टिव्ह रंगांत. पॉलिस्टर डिस्पर्समध्ये, १३० अंश सेल्सिअसला दाबाखाली. टू-बाय-टू मिक्स सुताचं असेल तर एकाच कापडात दोन जातींचे रंग. रसायनं वेगळी, म्हणजे परावर्तनाचे वक्र, कापड कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत फेकतं त्याचे आलेख, वेगळे. डायरने फक्त एका उजेडाखाली शेड बसवली तर ती त्याच उजेडापुरती बसते. अशा दोन कापडांचे वक्र आलेखावर काढले तर बहुधा तीन किंवा जास्त ठिकाणी एकमेकांना छेदताना दिसतात: इथे हे वर, तिथे ते वर, आणि शंकूंच्या बेरजेत सगळं फिटून जातं.

तुमचा पीस उन्हात लाल का मारतो, तेही सांगता येतं. गडद शेडच्या बऱ्याच रिॲक्टिव्ह मिश्रणांचा वक्र ६५० नॅनोमीटरच्या पुढे झपकन वर चढतो. साधी पांढरी एलईडी म्हणजे ४५० च्या आसपासची निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर. ४८० जवळ खड्डा, मग ५५० ते ६०० चा फुगवटा, आणि ६५० च्या पुढे उतार. म्हणजे ज्या भागात पीस साडीपेक्षा जास्त प्रकाश परत फेकतो, त्या भागात ट्यूबकडे द्यायला प्रकाशच नाही. उन्हात तो आहे. तारेच्या बल्बमध्ये तर सर्वांत जास्त तिकडेच आहे. म्हणून ट्यूबखाली सारखा, उन्हात तांबूस, बल्बखाली विटकरी, हा क्रम.

खोक्यावर सीआरआय ८० लिहिलंय म्हणून भुलू नका. सीआरआय म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, आणि तो आठ फिकट नमुन्यांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल हा नववा नमुना, आर-९ नावाचा, आणि तो त्या सरासरीत धरलेलाच नसतो. ८० सीआरआयच्या ट्यूबचा आर-९ फार खाली असू शकतो. दुकानदाराने सीआरआय ९० च्या वरच्या आणि आर-९ वेगळा छापलेल्या दोन ट्यूब फक्त मॅचिंगच्या टेबलावर लावल्या तरी तक्रारी कमी होतील.

कुठल्या शेड जास्त फसवतात? करडा, आमसुली, शेवाळी, बदामी, कॉफी, मोरपंखी. हे तीन-तीन रंग मिसळून बनतात आणि तीच शेड बऱ्याच वाटांनी गाठता येते. लख्ख लिंबू किंवा हळदी पिवळ्यात त्रास कमी, कारण तिथे वक्राला फिरायला जागाच थोडी.

दुकानात करायचं ते असं. पीस एकेरी धरू नका. चार घड्या करा, नाहीतर खालच्या टेबलाचा रंग आरपार येतो. साडीची घडी आणि पिसाची घडी कडेला कड लावून ठेवा, मधे फट नको, काठ आणि जर बाजूला दुमडून टाका. आडवा-उभा धागा एकाच दिशेला घ्या. मग तीन उजेड बघायचे. पहिला दुकानातला. दुसरा दाराबाहेरचा, पण थेट उन्हात नाही. सावलीत, उत्तरेकडचं मोकळं आकाश मिळालं तर उत्तम, आणि सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान. थेट उन्हात सिल्कची चमक डोळ्यावर येते आणि संध्याकाळचं ऊन स्वतःच तांबडं असतं. तिसरा पिवळा उजेड, तारेचा बल्ब किंवा हॅलोजन. पिवळी एलईडी इथे चालत नाही, तिच्यातही ६५० च्या पुढचा भाग अपुराच. तिन्हीकडे जुळलं तर घ्या. जुळत नसेल आणि घेणं भागच असेल, तर कार्यक्रम ज्या उजेडात आहे त्या उजेडाचा निकाल धरा.

एक वेगळी गोष्ट याच्याशी मिसळू नका. साडी धूपछाँव विणीची असेल, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, तर ती कोनाप्रमाणे रंग बदलते. तो विणीचा खेळ आहे, शंकूंचा नाही. तिच्यावर एकच पीस सगळीकडे जुळणार नाही. ताण्याचा धरा किंवा बाण्याचा, एक काहीतरी ठरवा.

कारखान्यात हेच काम लाइट बॉक्समध्ये होतं: आत मंद करडा रंग, डी-६५ म्हणजे ६५०० केल्विनचा दिवसाचा उजेड, ए म्हणजे २८५६ केल्विनचा बल्ब, टीएल-८४ म्हणजे ४००० केल्विनची दुकानी ट्यूब, आणि एक अतिनील दिवा. प्रकाश साधारण हजार लक्स, पाहायचं ४५ अंशांतून. स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजायच्या यंत्रावर डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांतल्या फरकाचा आकडा, सीएमसी २:१ या सूत्राने एकच्या आत आला की माल पास, ही नेहमीची अट. पण ती अट कोणत्या उजेडाखाली, हे ऑर्डरवर लिहून घेतलं नाही तर सगळं मुसळ केरात. फक्त डी-६५ ला पास झालेला लॉट टीएल-८४ खाली परत आला की डायरला तोंड नसतं.

सुईदोरा

दोघांचेही आभार. ‘लाल मारतो’चा क्रम इतका नेमका निघेल असं वाटलं नव्हतं. फोटोचं राहिलं. आणि आणखी दोन शंका. रिळावर अगदी बरोबर वाटलेला दोरा शिवल्यावर फिका पडतो, पण बारीक निळसर-पिवळसर फरक मात्र शिवणीत खपून जातो. उलट का नाही? आणि एकाच उजेडात एकाच जोडीवर आजी म्हणते जुळतंय, नात म्हणते नाही. दोघींना चष्म्याने नीट दिसतं. मग खरं कोणाचं?

गर्तिका

दोघींचंही खरं, आणि हे मी चेष्टेने म्हणत नाही.

आधी फोटो. कॅमेऱ्याच्या चिपवरही तीन गाळण्या असतात, पण त्यांचे पट्टे शंकूंच्या पट्ट्यांसारखे नसतात. त्यामुळे डोळ्याला सारखी दिसणारी दोन कापडं कॅमेऱ्याला वेगळी दिसू शकतात आणि उलटही. त्यावर फोन स्वतःच्या अंदाजाने पांढरा ठरवतो, शेवटी पडदा आपले तीन ठिपके लावून रंग पुन्हा रचतो. प्रत्येक टप्प्यावर नवी काटछाट. फोटो डिझाइन सांगायला ठीक, शेड सांगायला नाही.

दोरा. रिळावर धाग्यांच्या मधल्या खाचांत उजेड अडकतो, म्हणून ते गडद दिसतं. तोच धागा सुटा कापडावर आला की उजळ. म्हणून रीळ टेकवून बघू नका, वीतभर दोरा उलगडून घडीवर आडवा टाका, आणि दोन रिळांमध्ये अडलात तर किंचित गडद घ्या. इथपर्यंत शंकूंचा संबंध नाही. पण निळसर-पिवळसर फरक खपतो त्यात आहे.

आखूड शंकू मुळातच थोडे, एकूण शंकूंच्या साधारण ५ ते १० टक्के. आणि जिथे आपण नजर रोखतो त्या गर्तिकेच्या ऐन मध्यात, सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यात, ते जवळपास नसतातच. बाहेरच्या जगात तो ठिपका म्हणजे अंशाचा एक तृतीयांश, हातातल्या ४० सेंटीमीटरवरच्या कापडावर सव्वादोन मिलिमीटर. शिवणीचा दोरा पाव मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे त्याच्यावर नजर लावलीत की तो अशा जागी पडतो जिथे निळ्या-पिवळ्याचा हिशेब ठेवणाराच कोणी नाही. भर म्हणून डोळ्याचं भिंग निळा प्रकाश लाल-हिरव्याबरोबर एकाच वेळी नीट केंद्रित करत नाही, त्यामुळे निळ्याच्या बारीक कडा तशाही पुसट. उजळ-गडद फरक मात्र लांब आणि मध्यम शंकू मिळून सांभाळतात, आणि मध्यभागी त्यांची गर्दी सरासरीने एका चौरस मिलिमीटरला दोन लाखांच्या घरात आहे. म्हणून फिका दोरा शिवणीत लगेच टोचतो.

आता आजी आणि नात. वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं आणि आखूड तरंगलांबीचा प्रकाश वाटेतच कमी करतं. आजीच्या आखूड शंकूंपर्यंत कमी पोचतं, म्हणून नेव्ही ब्लू आणि काळा, किंवा जांभळा आणि तपकिरी यांत तिची गल्लत होते. मोतीबिंदू काढल्यावर निळं एकदम उजळ दिसू लागतं ते यामुळेच. शिवाय पीतबिंदूवर, म्हणजे गर्तिकेच्या आसपासच्या भागावर, ४६० नॅनोमीटरच्या आसपास शोषणारं पिवळं रंगद्रव्य असतं, तेही माणसागणिक कमी-जास्त. आणि मुळात ऑप्सिनच सगळ्यांचं एक नाही. लांब आणि मध्यम ऑप्सिन प्रत्येकी ३६४ अमिनो आम्लांचे आणि एकमेकांशी सुमारे ९६ टक्के सारखे. शिखरातला फरक मुख्यतः १८०, २७७ आणि २८५ या तीन जागांवर ठरतो. यातल्या १८० व्या जागेवर कोणाकडे सेरीन असतं, कोणाकडे ॲलानिन, आणि दोघांचीही रंगदृष्टी निकोप म्हणूनच गणली जाते, शिखर मात्र काही नॅनोमीटरनी सरकलेलं. एका डोळ्याला जुळलेली मेटामेरिक जोडी दुसऱ्याला न जुळणं यात नवल नाही.

यंत्रही एका डोळ्याच्याच बाजूने बोलतं. त्याच्या हिशेबातला सरासरी डोळा, म्हणजे १९३१ चा ‘प्रमाण निरीक्षक’, राइट यांच्या १० आणि गिल्ड यांच्या ७, अशा १७ माणसांच्या मोजणीवरून बेतलेला आहे. आजीचा डोळा त्या सरासरीत नसणार.

ता. क. लांब आणि मध्यम शंकूंचं प्रमाणही माणसागणिक बरंच बदलतं. जिवंत डोळ्यात मोजलेली उदाहरणं साधारण १:१ पासून १६:१ पर्यंतची आहेत. पण जुळणीवर त्याचा परिणाम जवळपास होत नाही. कारण सोपं आहे: दोन कापडांनी प्रत्येक जातीच्या शंकूला सारखी मोजणी दिली असेल तर त्या जातीचे शंकू कितीही असोत, मोजणी सारखीच राहते.

काठपदर

धागा वाचतोय. शेड लावणाऱ्या कारागिरांची रंगदृष्टी तपासून घ्यायची असेल तर ठिपक्यांचं ते पुस्तक पुरतं का? फोनवर तीच चित्रं मिळतात, ती चालतील? आणि रंगांधळेपणावरचे म्हणून जे चष्मे विकतात, ते या कामाला उपयोगी आहेत का?

पाऊणशे सेंमी

पुस्तक चालेल, पण अर्ध्या कामाला. फोन नको. चष्मा अजिबात नको. कारणं देतो.

इशिहारांची चाचणी १९१७ पासून वापरात आहे. तिची युक्ती अशी की ठिपके मुद्दाम उजळ-गडद विस्कटलेले असतात, त्यामुळे उजेडाच्या फरकावरून आकडा हाती लागत नाही. तो दिसतो फक्त लांब आणि मध्यम शंकूंच्या मोजणीतल्या फरकावर. ज्याच्याकडे यातली एक जात नाही, किंवा दोन्हींची शिखरं जवळ आलेली आहेत, त्याला तो फरक उरत नाही. या दोन ऑप्सिनांची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात आणि इतकी सारखी की पेशीविभाजनात त्यांची अदलाबदल चुकते: एखादं गळतं, एखादं संकरित होतं. पुरुषाकडे एकच एक्स असल्याने झाकायला दुसरी प्रत नसते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के, स्त्रियांत अर्धा टक्का. आखूड शंकूचं जनुक ७ व्या गुणसूत्रावर आहे, त्याचा दोष स्त्री-पुरुष दोघांत सारखाच आणि विरळा.

घ्यायची रीत: अंतर ७५ सेंटीमीटर, पान नजरेला काटकोनात, दिवसाचा उजेड पण पानावर थेट ऊन नाही, प्रत्येक पानाला ३ सेकंद. वाचायचा चष्मा असेल तर घालायचा, रंगीत काच उतरवायची. ३८ पानांच्या आवृत्तीत पहिली २१ पानं मोजायची. १७ किंवा जास्त बरोबर म्हणजे ठीक, १३ किंवा कमी म्हणजे दोष. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांना दिसतो. तो चुकला तर माणूस चाचणी समजलेला नाही किंवा नजर कमी आहे. दुसऱ्या पानावर ८ च्या जागी ३ वाचणारा लाल-हिरव्याच्या दोषाचा. २२ ते २५ ही पानं प्रकार सांगतात: २२ व्या पानावरच्या २६ पैकी फक्त ६ दिसला तर लांब शंकूचा दोष, फक्त २ दिसला तर मध्यमचा.

चुका नेमक्या कुठे होतात? पिवळ्या बल्बखाली चाचणी घेतली तर मध्यम शंकूचा सौम्य दोष असलेला माणूस बिनबोभाट पास होऊ शकतो. पान बोटाने गिरवू दिलं तर घामाने रंग जातात; कोरडा ब्रश द्या आणि पुस्तक मिटून ठेवा. क्रम पाठ होतो, म्हणून पानं वरखाली करून विचारा. ज्याला इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत त्याला २६ ते ३८ ही वळणावळणाच्या रेषांची पानं द्या, प्रत्येकी १० सेकंद. फोनवर ठिपक्यांचे रंग तीन दिव्यांतून रचलेले असतात, प्रत्येक पडद्याचे वेगळे, त्यावर रात्रीचा पिवळा मोड चालू असेल तर बघायलाच नको. त्या निकालाला अर्थ नाही.

अर्धं काम म्हटलं ते यासाठी की हे पुस्तक आखूड शंकूंबद्दल काहीच सांगत नाही. मधुमेह किंवा काचबिंदू यांत आधी निळं-पिवळं बिघडू शकतं आणि पुस्तक मात्र सगळं आलबेल म्हणतं. शिवाय नापास नसणं म्हणजे बारीक शेड ओळखणं नव्हे. शेड लावणाऱ्यासाठी फार्नस्वर्थ-मन्सेल १०० ह्यू ही रंगीत टोप्यांची चाचणी घ्या. नावात १०० असले तरी टोप्या ८५, चार खोक्यांत. क्रमाने लावायच्या आणि चुकांची बेरीज करायची. चुका कोणत्या टोप्यांपाशी गोळा झाल्या त्यावरून कोणता शंकू कमी पडतोय तेही कळतं. तीही डी-६५ च्या जवळच्या उजेडातच, आणि कारागीर दिवसभर माल बघून थकल्यावर नाही. आधी ठीक असलेल्या माणसाचा लाल-हिरवा फरक अचानक पुसट झाला आणि त्याला क्षयावर एथॅम्ब्युटॉल चालू असेल, तर चाचणी-बिचणी राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. ते औषध दृष्टिचेतेला इजा करू शकतं.

चष्म्याचं: ते लांब आणि मध्यम शंकूंच्या पट्ट्यांचा जिथे सर्वांत जास्त गुंता आहे तिथला थोडा प्रकाश कापतात. काही जोड्या त्यामुळे सुट्या दिसतात, पण नवा शंकू येत नाही. आणि शेड लावायला तो चष्मा घालणं म्हणजे दिवाच बदलणं. वर रंगभट्टींनी सांगितलेला सगळा प्रकार पुन्हा सुरू, तोही एकट्या त्या कारागिरापुरता.

रंगभट्टी

पाऊणशे यांच्याशी सहमत, पण एक भर. दोषाचा माणूस नेहमी ढिलाच असतो असं धरून चालू नका. ज्याच्याकडे एक जात पूर्ण गायब आहे, तो तुमची प्रत्येक जुळणी मान्य करतो आणि वर न जुळणारीही मान्य करतो. पण ज्याचं एक शिखर फक्त सरकलेलं आहे, तो तुम्हाला जुळलेली जोडी नाकारूही शकतो. १८८१ मध्ये लॉर्ड रॅली यांनी लाल आणि हिरवा मिसळून पिवळा जुळवताना हेच पाहिलं: काही जणांना इतरांपेक्षा फारच वेगळं प्रमाण लागत होतं. असा कारागीर ‘जुळत नाही’ म्हणून वाद घालतो तेव्हा जोडी मेटामेरिक असण्याची शक्यता दाट. ती यंत्रावर टाकून बघा.

सुईदोरा

शेवटचं एक. जुन्या दुकानात पांढऱ्या गादीवर साड्या टाकतात. पाचसहा लाल साड्यांनंतर सातवी फिकी वाटते, हेही शंकूच ना?

गर्तिका

हो. प्रत्येक जातीचा शंकू आपापल्या पुरता जुळवून घेतो. लाल बघत राहिलात की लांब शंकू आपली दाद उतरवतात, मग पुढचं लाल मळकट आणि पांढरं किंचित हिरवट-निळसर दिसतं. बल्बखाली पांढरा सदरा पांढराच वाटतो तोही याच जुळवून घेण्यामुळे. म्हणून दर दोन-तीन साड्यांनंतर नजर गादीच्या रिकाम्या भागावर वीस-तीस सेकंद ठेवा, आणि उन्हातून आत आल्यावर दोन मिनिटं काहीच ठरवू नका. फक्त गादीची चादर साबणातल्या चमकद्रव्याने झगमगीत झालेली नको. ते द्रव्य उन्हातला अतिनील प्रकाश शोषून ४४० च्या आसपास निळा फेकतं, ट्यूबखाली फेकत नाही. दारापाशी उन्हाची तिरीप येत असेल तर एकाच चादरीची दोन टोकं दोन पांढऱ्या रंगांची होतात. साधी मळखाऊ करडी चादर याला सर्वांत बरी.